बिननावाची डबी

नवरीला घेऊन येणारी बाई कोणीही असो, आई, चुलती नाहीतर थोरली बहीण, पार्लरच्या दारात चप्पल काढता काढताच सांगते, "ताई, पोरगी जरा उजळून निघली पाह्यजे." वीस वर्षं मी हे ऐकत आले. नाक सरळ करा, दात आत घ्या, असं कोणी म्हणत नाही. ते होत नसतं हे सगळ्यांना कळतं. रंगाचं मात्र कोणाला कळत नाही, आणि कळू नये अशी सोय माझ्यासारख्या बायकांनीच करून ठेवली आहे.

मानवतला आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं पार्लर. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, वॅक्स तापवायचं भांडं, आणि समोर चहाचं हॉटेल आहे म्हणून खिडकीला जाड पडदा. आमचे मालक, म्हणजे नवरा, बाजार समितीत मापाडी. मी परभणीला सहा महिन्यांचा कोर्स करायला निघाले तेव्हा पोरगा चौथीत होता, आणि सासू म्हणाली होती, "लोकाच्या बायकाच्या मिशा उपटायला जाती का आता?" जात होते. त्याच मिशांवर पुढं घराचा स्लॅब पडला, तेव्हा मात्र सासूबाई सगळ्या गल्लीला पेढे वाटत फिरल्या.

मी रंगानं काळी आहे. सावळी, निमगोरी असलं काही नाही, काळी. लहानपणी आंघोळ झाली की आई तोंडाला खोबरेल चोळायची, ती सवय मला अजून आहे. दुसरं काही मी तोंडाला लावत नाही. एखादं चौकस गिऱ्हाईक विचारतं, "ताई, तुमी न्हाई का लावत हे?" मी म्हणते, "मला आता कोण बघायला येणार हाय माय?" सगळ्या हसतात आणि विषय संपतो.

वालूरच्या माझ्या भावाची थोरली पोरगी माझ्यावर गेली. बारशाला गेले तेव्हा बायका पाळण्यात वाकून म्हणायला लागल्या, "आत्याचं तोंड उचलून ठेवलंय की." कपाळ, नाक, डाव्या गालावरची खळी, आणि रंग. त्या कौतुकानं म्हणायच्या आणि मी पाळण्यापासून बाजूला व्हायची. त्या लेकरानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण जे तोंड घेऊन मी निम्मं आयुष्य मान खाली घालून काढलं, तेच पुन्हा एकदा माझ्यासमोर वाढत होतं. मला तिचा राग होता तो एवढ्यासाठी. हे लिहायला लाज वाटते, पण लाज वाटून घ्यायचीच आता वेळ आहे.

आमच्याकडं मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क. भाऊ पोरीसाठी बाहेर ठिकाण बघायला लागायच्या आधी बहिणीला विचारतो. एका भाऊबीजेला मी वालूरला ओवाळायला गेले होते. भावानं ताटात साडी ठेवली आणि हसत हसत म्हणाला, "अक्का, साडी तर दरसाली न्हेतीस. औंदा पोरगी बी घेऊन जा." विचारायची त्याची हीच पद्धत. तोंडावर हसू, पण डोळे माझ्याकडं लागलेले. भावजय हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पोरगी तिथंच होती, करंज्यांचं ताट घेऊन.

नाही म्हणायचंच होतं तर हजार रीती होत्या. पोराचं पुण्यात कोणीतरी आहे म्हणता आलं असतं. रक्ताच्या नात्यात नको, डॉक्टर सांगतात, हे तर आजकाल कोणीही म्हणतं. मी म्हणाले, "नको रे बाबा. माझ्या घरात एक मी हायेच की. कोळसा उगाळावा तितका काळाच."

भाऊ हसला. दुसरं काय करणार तो. पोरीनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, घे ना." मी दोन करंज्या खाल्ल्या. चांगल्या खुसखुशीत झाल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी पोराला परभणीची गोरीपान बायको करून आणली. ती पुण्याहून वर्षातून दोनदा येते, येताना स्वतःची पाण्याची बाटली आणते, आणि माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची रुमालानं पुसते. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार?

भाचीला मात्र वर्ष-दीड वर्षात तीन ठिकाणांहून नकार आला. पोरगी सेलूला बी.ए. झालेली. शिवणकामात हात असा, की गावातल्या बायका ब्लाऊज तिच्याकडंच टाकायच्या. कामाला वाघीण. नकाराचं कारण कोणी सांगत नसे, फक्त कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेवटी एका दुपारी भाऊ मानवतला आला. आत बायका बसलेल्या, म्हणून बाहेर ओट्यावरच बसला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "अक्का, पिंगळीचं एक ठिकाण हाय. पोरगा नोकरीवाला हाय. फोटो बघून म्हणलेत, दीड महिन्यानं बघायला येतो. लोकाच्या पोरी तू गोऱ्या करतीस. माह्या एका पोरीचं बघ की."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच मला लागलं. टोमणा मारणारा भाऊ परवडला असता.

"दे पाठवून," मी म्हणाले.

पोराची मागची खोली रिकामीच होती. तिथं गादी टाकली. भाची एक पिशवी आणि शिवणाचा डबा घेऊन आली.

आता डबीचं सांगते. मेडिकलमधून तीन ट्यूबा आणायच्या. एक खाज-गजकर्णाची, एक डागांची, आणि तिसरी साधी, वास चांगला यावा म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही. स्टीलच्या ताटलीत चमच्याच्या पाठीनं घोटायच्या आणि लहान पांढऱ्या डबीत भरायच्या. डबीवर नाव नाही, काही नाही. कोणी विचारलंच तर 'फार्मुला' म्हणायचं. हे कोर्सच्या वहीत नव्हतं. कोर्स संपला त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दार लावून घेऊन शिकवलं. "लग्नापर्यंत द्यायची, मग बंद. त्याच्यापुढं आपली जबाबदारी न्हाई," बाई म्हणाल्या होत्या.

त्याच्यापुढं काय होतं ते मी पुष्कळ बघितलं. लग्नाला दोन-तीन महिने होतात आणि पोरी माहेरी येतात त्या तोंडाला स्कार्फ बांधून. गाल लाल, पुळ्या आलेल्या, हनुवटीला लव, उन्हात गेलं की आग. त्यांच्या आया म्हणतात, सासरचं पाणी लागलं. मी थ्रेडिंगचा दोरा सोडवत म्हणते, "व्हय माय, पाणी बदललं की होतं असं." एवढं सगळं ठाऊक असून मी ती ताटली भाचीसाठी काढली. माझ्या स्वतःच्या तोंडाला ती क्रीम कधी बोटभर लावली नव्हती.

पहिल्या रात्री लावायला दिली तेव्हा तिनंही विचारलं, "आत्या, तू न्हाई लावत?"

"मला आता कोण बघायला येणार हाय?"

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग लावली.

आठ दिवसांत फरक दिसायला लागला. पंधरा दिवसांत मालक जेवताना म्हणाले, "पोरगी उजळली की गं." मी तिला उन्हात जाऊ देत नव्हते. दिवसभर ती पार्लरमध्ये माझ्या हाताखाली काम करायची, केस झाडायची, वॅक्सच्या पट्ट्या कापायची, गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजची बटणं लावून द्यायची. बोलकी पोरगी, आणि नकला तर अशा करायची की खुर्चीतली बाई हसायची आणि माझा दोरा चुकायचा. एकदा आरशासमोर उभी राहून स्वतःचा गाल इकडून तिकडून बघत म्हणाली, "आत्या, कोळसा पांढरा व्हायलाय बघ."

दीड वर्षं तिनं ते वाक्य मनात ठेवलं होतं. माझ्या दातात दोरा होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

त्या दिवसांत मला तिचा लळा लागला. तोही काही फार चांगला लळा नव्हता. खुर्चीत बसलेली ती, मागं उभी मी, आणि आरशात एकच तोंड दोनदा, एक गोरं आणि एक काळं. गोरा रंग असता तर मी कशी दिसले असते ते मला पहिल्यांदा बघायला मिळत होतं. मी तिच्याकडं टक लावून बघायची आणि तिला वाटायचं, आत्याचा जीव आहे आपल्यावर.

पिंगळीची मंडळी वालूरला बघायला आली, त्या दिवशी मी मुद्दाम साधी तयारी केली. पावडर नाही, लिपस्टिक नाही, एक टिकली आणि मोगऱ्याचा गजरा. मुलाची आई ठसठशीत बाई, आवाज मोठा. पोहे खाऊन झाल्यावर तिनं पोरीला जवळ बसवून घेतलं, हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं. मग पदराचं टोक जिभेला लावलं आणि सगळ्यांच्या देखत पोरीच्या गालावर घासलं. पदराकडं बघितलं. काही निघालं नव्हतं. निघणार कसं, ते कातडीच्या आत होतं.

"असली हाय," ती आपल्या जावेला म्हणाली, आणि लग्न ठरलं. भावानं माझ्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. लहान भाऊ, पण पन्नाशीला टेकलेला माणूस, डोळ्यांतून पाणी काढत होता. मी त्याला म्हणाले, "गप रे, बायका बघायल्यात."

लग्न मे महिन्यातलं. भाची वालूरला परत गेली ती तीन डब्या भरून घेऊन. रोज लावायची, खाडा करायचा नाही, एवढं मी बजावलं होतं. खाडा झाला की काय होतं ते सांगितलं नव्हतं. लग्नाच्या चार-पाच दिवस आधी तिचा फोन आला, "आत्या, डबी संपली." माझ्याकडं लग्नसराईची गर्दी, एका दिवसात तीन-तीन नवऱ्या. "हळदीच्या दिवशी येतेच की मी," म्हणाले आणि फोन ठेवला.

हळदीच्या दिवशी सकाळी मी पोचले. दारात मांडव, चुलीवर कढया, पाहुण्यांचा गलका. ती आतल्या खोलीत बसली होती. मी तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. ओठांभोवती लाल कडं आलेलं, गालावर बारीक पुळ्या, आणि कपाळाच्या कडेनं मूळचा रंग वर यायला लागलेला. उद्या दुपारी हे तोंड पिंगळीच्या दोनशे माणसांपुढं जाणार होतं.

ब्लीच आणि हळद यांच्यामध्ये निदान तीन दिवस पाहिजेत, हे पार्लरमधली पहिल्या महिन्याची पोरगी पण सांगेल. मी ब्लीच काढलं. तीन दिवस कुठून आणू? संध्याकाळी हळद, तोवर सात-आठ तास, आणि भावजयीला सांगून ठेवीन, तोंडाला टिकलीएवढीच लावा म्हणून. असा हिशेब करून मी वाटीत पावडर कालवली.

"आत्या, आग व्हायलीय," ती म्हणाली.

"ब्लीचनं होतीच. दम धर."

"न्हाई आत्या, लय व्हायलीय."

"तुला गोरं व्हायचंय का मला?" मी ओरडले. धुतल्यावर तोंड पांढरं पडलं होतं, नुसतं पांढरं, आणि कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ दिसत होती. मला वाटलं, निभलं.

आमच्याकडं नवरीला आधी हळद लागत नाही. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद त्याच्या घरून येते, तीच नवरीला लावतात. ती यायची होती संध्याकाळी आणि आली दुपारी दोनला. टेम्पो भरून बायका, पुढं नवरदेवाची बहीण, हातात पितळी पातेलं काठोकाठ भरलेलं आणि त्यावर हिरवी साडी. भावजयीनं दोन बोटांनी जराशी हळद घेऊन पोरीच्या गालाला टेकवली. ती बहीण खळखळून हसली. "असं काय करताव माय? आमच्या दादाची हळद हाय, कंजुषी चालायची न्हाई." आणि तिनं दोन्ही तळव्यांनी घेतली आणि पोरीच्या तोंडावर घासली, भांडं घासावं तशी. मग दुसरी आली, मग तिसरी. जितकी हळद तितका रंग चढतो, गाणी म्हणत चोळत होत्या.

भावजयीनं माझ्याकडं बघितलं. पोरीनंही बघितलं.

तेव्हा मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. थांबा, तिला ब्लीच केलंय, एवढंच. पण मग त्या विचारणार होत्या, असल्या गोऱ्या पोरीला ब्लीच कशाला? आणि पदर घासून बघणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात सगळं लख्ख झालं असतं. लग्न मोडलं असतं, आणि माझं पार्लर पण बसलं असतं. मी काय काय होईल याचा विचार करत उभी राहिले. यात पोरीच्या तोंडाचं काय होईल, हे शेवटी आलं.

"आत्याबाई, तुमचा बी हात लागू द्या," नवरदेवाची बहीण म्हणाली.

मी पातेल्यात हात घातला. भाचीचा गाल माझ्या हाताला नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतका गरम लागला. तिचे डोळे मिटलेले होते, ते तिनं उघडले आणि माझ्याकडं बघितलं. मी लावली. बायका बघत होत्या म्हणून जरा जास्तच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं मला हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या तोंडात पदर कोंबला. पोरीचे डोळे सुजून बारीक झाले होते. दोन्ही गालांवर लाल चट्टे, त्यावर बारीक फोड, आणि फोडांतून पाणी झिरपत होतं. हळदीचा पिवळेपणा त्या लालीत मिसळून असा रंग झाला होता की मला बघवेना.

"दवाखान्यात न्यावं का, अक्का?" भावजय म्हणाली.

"अन् वऱ्हाडाला काय सांगावं?"

माझ्याकडं मेकअपची पेटी होती. मी सगळ्यांना बाहेर काढून कडी लावली. सरबतवाल्याकडून बर्फ आणवला, फडक्यात बांधून तासभर दाबला. सूज थोडी उतरली. लालीवर हिरवट क्रीम, त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर. ओल्या कातडीवर मेकअप बसत नाही, सोलून निघतो. मी स्पंजनं दाबून दाबून बसवला. एक थर निघाला की दुसरा, दुसरा निघाला की तिसरा. माझा हात त्या दिवशी जसा चालला तसा पुन्हा कधी चालला नाही. हे मी अभिमानानं सांगते आहे का, ते माझं मलाच कळत नाही.

"आत्या, जळायलंय," ती म्हणाली.

"जळू दे. रडायचं न्हाई. रडलीस तर सगळं वाहून जाईल अन् आतलं दिसंल."

ती रडली नाही. अंबाडा घातला, मुंडावळ्या बांधल्या, नथ अडकवताना दांडी फोडाला लागली, तरी हूं की चूं केलं नाही. मेच्या उन्हात, व्हिडिओवाल्याच्या दिव्यापुढं, दोन तास ती तशीच उभी राहिली. अक्षता पडल्या. मग सूनमुख बघायचा कार्यक्रम. सासूच्या मांडीला लागून सून बसते आणि दोघी एका आरशात बघतात. आरसा धरायला मलाच बोलावलं. सासूनं आरशात बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चांदी हाय माय, चांदी." सुनेच्या हातात चांदीचा छल्ला ठेवला. भाची आरशात स्वतःकडं बघत नव्हती. आरशाच्या वरून माझ्याकडं बघत होती.

पाठवणीला भाऊ हुंदके देऊन रडला, भावजय तर खालीच बसली. पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. आयुष्यभर मी नवऱ्यांना सांगत आले, रडू नका, मेकअप जाईल. कोणी ऐकत नाही. ही एकटी ऐकणारी निघाली. मागं उभ्या असलेल्या बायका बोलायला लागल्या, "काय कठीण काळजाची पोरगी माय, बापाच्या गळ्यात पडून रडली बी न्हाई." मी शेजारीच उभी होते. मी ऐकून घेतलं.

पुढं जे व्हायचं तेच झालं, फक्त लवकर झालं. फोड सुकले तिथं काळे डाग पडले. डबी बंद झाल्यावर बाकीचं तोंड मूळच्या रंगाहून काळं झालं आणि पुळ्यांनी भरलं. नवरा चांगला निघाला, तो तिला परभणीला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? ती म्हणाली, घरचं उटणं. माझं नाव तिनं घेतलं नाही. मला फोन करून एवढं मात्र सांगितलं, "आत्या, डॉक्टर म्हणले, वरस-दीड वरस लागंल पण होईल बरं. फक्त पहिलं जे काय लावलं होतं ते परत लावायचं न्हाई. लावलं तर तोंड कायमचं जाईल." मी म्हणाले, "बरं झालं माय, डॉक्टरला दाखवलंस." आणि फोन ठेवून पुढच्या नवरीसाठी ताटली घेतली.

श्रावणात एका दुपारी तिची सासू तिला घेऊन पार्लरमध्ये आली. खुर्च्या रिकाम्या होत्या. सासूनं बसायच्या आधी स्वतःच्या हातानं सुनेचा स्कार्फ ओढून काढला. "बघा," ती म्हणाली.

मी बघितलं.

"आमच्या भावकीतल्या बाया तोंडावर हसायल्यात. म्हणत्यात, चांदी काळी पडली. आता कोण फसलं अन् कोणी फसवलं, ते सोडा. लगनाआधी तुमच्याकडं होती तवा जशी केली तशी करून द्या. न्हाईतर ठेवून घ्या. तुमचीच पोरगी हाय."

ठेवून घ्या. मागच्या खोलीतली गादी मी अजून उचलली नव्हती. दीड वर्षं राहिली असती, डॉक्टरांचं औषध घेतलं असतं, माझ्या हाताखाली काम शिकली असती, नवरा येऊन भेटून गेला असता. गावानं चार दिवस तोंड वाजवलं असतं. एकदा मी तिला नाही म्हणाले होते, करंज्या खात, हसत. आता तेच मला दुसऱ्यांदा विचारलं जात होतं. भाची माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी पण नव्हती. आत्या काय म्हणते ते बघू, एवढंच होतं.

माझ्या डोळ्यापुढं गल्ली आली. आत्यानं भाचीचं तोंड जाळलं, म्हणून नांदायची सोडून परत आली, हे प्रत्येक दारात बोललं जाणार होतं. मग कोण पोरगी आणून बसवणार माझ्या खुर्चीत?

"करते," मी म्हणाले.

सासूचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत टेकली, पदरानं वारा घेतला. मी ताटली काढली, तीन ट्यूबा काढल्या आणि घोटायला लागले. सासू आरशातून माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "एक इचारू का ईहीणबाई? राग मानू नका. रंग तुमचा बी हिच्यासारखाच हाय. पण कातडी कशी नितळ हाय, या वयात बी. तुमी काय लावता तोंडाला?"

माझा चमचा थांबला.

"खोबरेल," भाची म्हणाली. "निस्तं खोबरेल लावती आत्या. आमची आज्जी लावायची तिला, तवापासून."

"अगं बया," सासू म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "मग हिला बी तेच का न्हाई सांगितलं तुमी?"

मी ताटलीकडं बघत राहिले. क्रीम पांढरीशुभ्र झाली होती, घोटण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाचीनं कोनाड्यातली एक रिकामी डबी घेतली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

"भर, आत्या," ती म्हणाली.